बाबांनी पार्सल बंद केलं तेव्हा

बाबा काल सकाळी गेले.
जाताना त्यांचा डॉक्टरांवरही विश्वास नव्हता.

सलाईनच्या बाटलीकडे बघून मला म्हणाले, "ह्यात काय घातलंय ते तू बघितलं का?"

हा संशय त्यांना आमच्या हॉटेलच्या दुसऱ्या ब्रांचने लावला. आणि त्यांच्याकडून तो माझ्यात आला. मला अजूनही कुणी फार गोड बोललं की मी आधी त्याचे हात बघते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते.
बाबा मूळचे एकलहऱ्याकडचे. तरुणपणी एका कारखान्याच्या गेस्ट हाऊसवर स्वयंपाकी होते. तिथे मशिनरी बसवायला आलेला एक इटालियन इंजिनियर बरेच महिने राहिला. त्याला आपलं तिखट सोसेना, म्हणून तो स्वतःच किचनमध्ये शिरला आणि जाताना बाबांना सगळं शिकवून गेला.

सत्तरच्या दशकात बाबांनी नाशिकरोडला स्टेशनजवळ छोटं हॉटेल काढलं. मेनूवर लिहिलेलं, "इटालियन शेवया". पास्ता म्हटलं असतं तर कुणाला कळलं नसतं.
ते धडाक्यात चाललं. प्रवासी यायचे, शिफ्ट सुटलेले कामगार यायचे. भुकेल्या माणसाला चौकशा सुचत नाहीत.

मग ऐंशीच्या दशकात कॉलेज रोडच्या बाजूला, बंगल्यांच्या कॉलनीत दुसरी ब्रांच.
मी आठवीत होते. होतं नव्हतं ते सगळं त्यात घातलेलं. ही बुडाली तर पहिलीही बुडणार, हे आम्हा पोरांनासुद्धा कळत होतं.

कॉलनीला पहिल्या दिवसापासून संशय.

आई-बाबा मैद्याच्या लांब पट्ट्या कापून गच्चीत जुन्या साडीवर वाळत घालायचे. समोरच्या गॅलरीतून बायका बघत. कुरडया नाहीत, शेवया नाहीत, मग हे काय? अंडं घालतात म्हणे.
बाबांनी अंडं बंद केलं.

मग चीज कशापासून करतात कुणास ठाऊक. बाबांनी चीजचा डबा काउंटरवर आणून ठेवला.

मग आत काय चालतं ते कुणी बघितलंय. बाबांनी किचनची भिंत अर्धी पाडली.
लोक रस्त्यावरून वाकून बघायचे आणि पुढे जायचे.

खरं कारण वेगळंच होतं आणि ते सगळ्यांना ठाऊक होतं.
उद्घाटनाला आमच्याकडे सत्यनारायण झाला नव्हता. आम्ही बौद्ध. भन्तेजी आले, वंदना झाली, आईने मोठं पातेलंभर खीर केली. शेजारी प्रसाद असेल म्हणून दारापर्यंत आले, भिंतीवरचे फोटो बघितले आणि घरी पाहुणे आलेत म्हणून परत फिरले.
एकाच संध्याकाळी अख्ख्या कॉलनीत पाहुणे.
ती खीर दुसऱ्या दिवशीही आम्हीच खाल्ली. मला अजून खीर नको वाटते.

गंमत पुढेच आहे.
थोड्या दिवसांनी पार्सलं सुरू झाली. कुणी मोलकरणीला पाठवायचं, कुणी स्कूटर लांब कोपऱ्यावर लावून चालत यायचं. एक गृहस्थ तर पार्सल भाजीच्या पिशवीत तळाशी ठेवून वर कोथिंबिरीची जुडी टाकायचे.
भट्टी दिवसभर चालू. टेबलं रिकामी.

आई खूश होती. बाबा मात्र दाराशी उभे राहून कोण कुठे वळतंय ते बघत राहायचे.
एक दिवस म्हणाले, "ह्यांना आपलं खाल्लेलं चालतं. आपल्यात बसून खाल्लेलं चालत नाय. उद्यापासून पार्सल बंद."

आई प्रचंड चिडली. चाललेल्या धंद्याला कुणी लाथ मारतं का, पोरांच्या शाळा आहेत, मान काय चुलीत घालायचाय, असं बरंच बोलली. तिचं चूक नव्हतं. मला तेव्हा तिचंच पटत होतं.
बाबांनी स्वतःच्या हाताने पाटी लिहिली आणि बाहेर लावली. "पार्सल मिळणार नाही. बसून खावे."

मग शुकशुकाट.
आठवडे गेले. नाशिकरोडचा गल्ला इकडे ओतला जाऊ लागला. ब्रांच बंद करायची बोलणी घरात सुरू झाली.

आणि एका संध्याकाळी समोरच्या गॅलरीतल्या जोशीकाकू दोन्ही पोरांना घेऊन आल्या. नेमक्या रस्त्याकडच्या खिडकीपाशी बसल्या. त्यांचे मिस्टर गॅलरीतून बघत होते.

मला वाटलं, हेरायला आल्या. बाबांनाही तेच वाटलं असणार. ऑर्डर न घेताच ते टेबलाशी जाऊन उभे राहिले.

"ताई, आम्ही कोण ते माहितीय ना तुम्हाला? खाऊन झाल्यावर माहीत नव्हतं असं कुणी सांगायला नको."

काकूंनी पोराची कॉलर नीट केली.
"माहितीये हो. तुमचं ते पार्सल लांबून फिरून घरी नेईपर्यंत गार होऊन गोळा व्हायचं. आज गरम द्या."

बाबा आत आले आणि भट्टीकडे तोंड करून उभे राहिले. प्लेटा आईनेच नेल्या.
बाबांना रडताना मी तेवढंच एकदा पाहिलं. विचारलं तर म्हणाले, धूर गेला डोळ्यात. आणि लगेच, "पुन्हा येते का बघू."

त्या पुन्हा आल्या. मग त्यांची बहीण आली. मग कोथिंबीरवाले आले, कोपऱ्यातलं टेबल बघून बसले. ब्रांच तगली.
काही घरं कधीच आली नाहीत. बाबांना ती सगळी नावानिशी पाठ होती आणि त्यांनी त्यांना माफ केलं नाही. मीही केलेलं नाही.

बाबा, आता कोण येतंय, कोण वळतंय ते बघायला दाराशी मी उभी राहीन. तुम्ही शांत व्हा. मनापासून आदरांजली.

बाबांसाठी पुण्यानुमोदनाची वंदना रविवारी दुपारी, राहत्या घरी. जेवण आहे.
सगळ्यांनी बसून जेवून जा.