दंडुक्याचं पान

स्टाफरूममध्ये अभ्यासक्रमाची वाटणी चालली होती. यंदा बी.ए.ला इंग्रजीची नवी कादंबरी लागलेली. उत्तरेकडच्या बर्फात गाडी ओढणाऱ्या कुत्र्याची. विभागप्रमुख सरांनी ती माझ्यापुढं सरकवली.

"कुत्र्याचं हाय, मॅडमच घेतील. यांच्या लोकायला ती भाषा चांगली कळते."

सगळे हसले. मुखेडच्या त्या कॉलेजात मी तासिका तत्त्वावर. आमचं घर बौद्धांचं, हे शिपायापासून सगळ्यांना माहीत. माझे तास सरांच्या हातात. पुस्तक उचललं अन् बाहेर आले.

घरी वाचलं. सुखातल्या घरातून चोरून विकलेला कुत्रा. दंडुका घेतलेला माणूस त्याला मारून मारून वाकवतो. ते पान वाचताना माझे दात आवळले गेले.

वर्गात तेच पान शिकवत होते. देगलूरकडची एक पोरगी उठली.

"मॅडम, त्या दंडुकेवाल्याला कुत्र्यानं सोडलं कामून?"

मी उत्तर देणार, तेवढ्यात दारात सर.

"काय रे पोरांनो, मॅडमनं भुंकायला शिकवलं का न्हाई? त्यांच्या जातीला जमतंय ते."

मागं दोघं फिदीफिदी हसले. या वेळी मी बाहेर गेले नाही.

"सर, परत म्हणा. सगळ्यांना ऐकू द्या."

ते हसले. परत म्हणाले.

मी खडू ठेवला. वर्गाला विचारलं, "साक्ष कोण देणार?" देगलूरची पोरगी पहिली उठली. मग अजून तिघं. तशीच त्यांना घेऊन पोलीस ठाण्यात गेले. साहेब म्हणाले, "मॅडम, आपसात मिटवा." अ‍ॅट्रॉसिटीची कलमं लागेपर्यंत मी खुर्ची सोडली नाही.

आठवड्यानं सर घरी आले, प्राचार्यांना घेऊन. आमच्या वस्तीत पहिल्यांदाच.

"ताई, मस्करीत बोलून गेलो. माफ करा."

ताई! आई घाबरली होती. म्हणाली, "मिटव बाई. नोकरी जाईल."

"गेली तर जाऊ दे," मी म्हणाले. सरांना सांगितलं, "जे काय सांगायचं ते जजसाहेबांना सांगा."

पुढच्या सत्रात माझे तास गेले. आता लातूरला एका क्लासमध्ये शिकवते. तारीख पडली की सकाळची एसटी धरते. कोर्टात मला बघून सर वकिलामागं सरकतात. मला ते बघायला आवडतं. खोटं कशाला बोलू?

निरोप अजून येतात. केस काढून घ्या, तास परत देतो. न्हाई घेणार. माझा राग शिळा झालेला नाही. त्यांना शिक्षा सुनावतील तेव्हा मी पहिल्या बाकावर बसलेली असेन.