दर दहावे घर

आमच्या लेखापरीक्षण विभागात त्यांना सगळे पट्टीसाहेब म्हणत. टेबलाच्या उजव्या कोपऱ्यात त्यांची फूटभर लाकडी पट्टी असे आणि कुठल्याही कागदावर रेघ मारायची तर ती पट्टी लावूनच. रजेच्या अर्जाखालीही ते तशीच रेघ मारत. शिपाई म्हणायचा, साहेबांना शिंक आली तरी ती सरळ रेषेत येते. हे कानावर गेले की पट्टीसाहेब हसत, पण हसणेही मोजकेच. मी नोकरीची निम्मी वर्षे त्यांच्या शेजारच्या टेबलावर काढली. एवढी सरळ चालीची माणसे मी फार पाहिली नाहीत, आणि त्या सरळपणाचे पुढे काय झाले ते पाहिल्यापासून मला स्वतःच्या कामाविषयीही पूर्वीइतकी खात्री वाटत नाही.

लेखापरीक्षक म्हणजे पावत्या तपासणारा माणूस, असे लोकांना वाटते. पावत्या आम्ही तपासतोच. पण महापालिकेने जे द्यायचे कबूल केले आहे ते माणसाच्या दारापर्यंत पोचते का, हेही आम्हालाच पाहावे लागते. दिवे लागतात का, कचरा उचलला जातो का, नळाला पाणी येते का. संबंधित विभाग नेहमीच हो म्हणतो. ते हो कितपत खरे, हे आम्ही जाऊन बघायचे. पट्टीसाहेबांकडे पाणी होते.

त्यांच्या आधी ही तपासणी म्हणजे सहलच असायची. पाणी विभागाची गाडी दाराशी यायची. विभागाचा माणूस नेईल त्या घरी जायचे, नळ सोडायचा, चहा घ्यायचा आणि परत येऊन 'समाधानकारक' लिहायचे. पट्टीसाहेबांनी हे पहिल्याच वर्षी मोडीत काढले. गल्लीच्या तोंडापासून मोजायला सुरुवात करायची आणि दर दहाव्या घराचा नळ तपासायचा, अशी पद्धत त्यांनी बसवली. त्यात कुणाची मर्जी नाही, ओळख नाही, कुणाला बोट दाखवायला जागा नाही. वरिष्ठांना ती इतकी पसंत पडली की तिचे परिपत्रक निघाले आणि सगळ्या विभागांना प्रती गेल्या. त्या परिपत्रकाची एक प्रत पट्टीसाहेबांच्या टेबलाच्या काचेखाली असे. अभिमान म्हणावा असा त्यांचा तेवढाच.

आणखी एक नियम त्यांनी स्वतःपुरता केला होता. ज्या वस्तीतले पाणी आपण तपासतो, तिथे घोटभर पाणीही प्यायचे नाही. स्वतःची बाटली जवळ ठेवायची.

टेकडीवरच्या वस्तीत त्यांची थोरली बहीण राहायची. तिचा नवरा पुस्तके बांधायचे काम करी. दोन खोल्यांचे ते घर त्याने स्वतः विटा वाहून उभे केले होते. तो गेल्यावर ताई एकटीच तिथे राहिली. मूलबाळ नव्हते. नातेवाईक राहतो त्या भागात स्वतः तपासणीला जायचे नाही, म्हणून टेकडीवर पट्टीसाहेब आपल्या सहायकाला पाठवत. स्वतः मात्र दर रविवारी ताईकडे जात. वस्ती तपासणीतली असल्याने बाटलीचा नियम तिथेही होताच. ताईला सुरुवातीला राग येई. "माझ्या घरचं पाणी प्यायलास म्हणून कोणी तुला विकत घेणार आहे का?" असे ती विचारी. मग तिने तो विषय सोडून दिला. पट्टीसाहेबांना वाटले, ताईला पटले.

निवृत्तीला वर्ष राहिले असताना एका रविवारी टेकडीच्या पायऱ्या चढताना त्यांच्या बाटलीचे झाकण निघाले आणि सगळे पाणी पिशवीत सांडले. वर पोचले तेव्हा घसा कोरडा पडला होता आणि दुपारची गोळी घ्यायची होती. ते म्हणाले, "ताई, जरा पाणी दे."

इतक्या वर्षांत त्यांनी तिच्याकडे पहिल्यांदाच पाणी मागितले होते. ताईने एक भांडे उचलले आणि ती स्वयंपाकघराऐवजी दाराकडे वळली. पट्टीसाहेबांना काही कळेना. ते उठून आत गेले. नळावर भांडी पुसायचे फडके वाळत घातले होते. त्यांनी फडके बाजूला केले आणि नळ फिरवला. नळाने नुसता सुस्कारा टाकला. तोटीच्या आत कोळ्याने घर केले होते.

ते बाहेर आले तेव्हा ताई शेजारच्या दारात उभी होती. शेजारी एक शिंपीणबाई राहत. त्यांनी भांडे भरून दिले आणि पाहुण्याला माहिती द्यावी तशा मोकळेपणाने बोलल्या, "आमच्याकडे भरपूर येतं हो. आमचं घर दहावं ना. तपासणीला त्यांचा कोणी दीडशहाणा आहे, तो दर दहाव्याच घरी माणूस पाठवतो. म्हणून आम्हाला खालच्या मोठ्या नळावरून वेगळी जोडणी करून दिली. पुढे विसाव्या घराला आहे, तिसाव्याला आहे. बाकी सगळे आमच्या दारात बादल्या घेऊन येतात."

शेजाऱ्याला पाणी देताना बाई हिशेब ठेवणाऱ्या नव्हत्या. आपण कोणाशी बोलतो आहोत, हे मात्र त्यांना ठाऊक नव्हते. ताईने भावाचा दंड धरला आणि त्याला घरात आणले. हे सगळे पट्टीसाहेबांनी मला दुसऱ्या दिवशी सांगितले. सांगताना ते पट्टी उगाच टेबलावर इकडून तिकडे सरकवत होते. तू कधी बोलली का नाहीस, असे त्यांनी ताईला विचारले होते. तिचे उत्तर त्यांनी शब्दनशब्द सांगितले.

"तू म्हणाला असतास, बहिणीसाठी मी काही करू शकत नाही. ते मला चाललं असतं रे. पण तुझा चेहरा उतरला असता, तो मला बघवला नसता."

त्याच सोमवारी ते पाणी विभागाच्या अभियंत्याकडे गेले. अभियंता आढेवेढे न घेता खरे बोलला. टेकडीवर चढणारा जुना नळ आतून गंजून जवळजवळ बुजला आहे. नवा टाकायला मंजुरी मिळत नाही. वेगळ्या जोडण्यांनी जे थोडे पाणी वर चढवता येते ते कुठल्या तरी घरांना द्यायचे, तर तपासणीत येणाऱ्या घरांना दिले. "साहेब, परिपत्रक तुमचंच," तो म्हणाला. "आम्ही ते फक्त नीट वाचलं."

नव्या नळाला मंजुरी का मिळत नाही, हे पट्टीसाहेबांनी विचारले नाही. ते त्यांना आता उमगले होते. दर वर्षी प्रस्ताव जायचा आणि दर वर्षी त्यावर एकच शेरा यायचा, की लेखापरीक्षणानुसार टेकडीवरचा पुरवठा समाधानकारक असल्याने तूर्त आवश्यकता नाही.

इकडे ताईचा खांदा गेला होता. बादल्या वाहून वाहून तो असा दुखावला, की डॉक्टरांनी भरलेले भांडे उचलायलाच मनाई केली. शिंपीणबाई होईल तेवढे आणून देत, पण रोज कोण कोणाचे करणार. आता टेकडीवर पाणी तरी यायला हवे होते, नाहीतर ताईला घर तरी सोडावे लागणार होते. ती घर सोडायला तयार नव्हती. या घराला त्यांच्या हाताच्या विटा आहेत, मी माझ्या पायांनी खाली उतरणार नाही, असे तिने भावाला बजावले होते. पट्टीसाहेबांनीही तिला शब्द दिला, की मी निवृत्त व्हायच्या आत तुझ्या नळाला पाणी येईल.

त्यांनी वरिष्ठांना पत्र लिहिले. टेकडीबाबतचे आपले आजवरचे सगळे अहवाल चुकीचे आहेत, ते रद्द करून फेरतपासणी करावी, असे त्यात स्वच्छ लिहिले होते. पत्र दोन दिवस खणात ठेवा, असे मी सुचवले. त्यांनी ऐकले नाही. वरिष्ठांनी बोलावून समजावले, की आयुष्यभर डाग लागू दिला नाही, आता जाता जाता स्वतःच्याच अंगावर शाई कशाला उडवून घेता. घरी वहिनीही रडल्या. चौकशी लांबली तर निवृत्तीवेतन अडकेल, ही त्यांची धास्ती होती. पट्टीसाहेबांनी पत्र परत घेतले नाही.

चौकशीसाठी दुसऱ्या शहरातून एक बाई अधिकारी आल्या. कुणाच्या दबावाखाली येणाऱ्या नव्हत्या, कामात चोख होत्या. विभागाची गाडी त्यांनी नाकारली. कुणाचा चहा घेतला नाही. त्या उन्हात टेकडी चढल्या, त्यांच्यामागे पट्टीसाहेब आणि त्यांच्या सांगण्यावरून मी. गल्लीच्या तोंडाशी बाई थांबल्या, पिशवीतून परिपत्रक काढले आणि घरे मोजायला लागल्या.

पहिले घर, दुसरे, तिसरे. ताईचे घर नववे. ती दारातच उभी होती. तिने साडी बदलली होती, केस नीट विंचरले होते आणि नळावरचे फडके काढून ठेवले होते, हे मला दारातून दिसले. बाई तिच्यासमोरून पुढे गेल्या आणि शिंपीणबाईंच्या घरात शिरल्या. आत नळ धो धो वाहिल्याचा आवाज आला.

त्या बाहेर आल्या तेव्हा पट्टीसाहेब पुढे झाले. मधल्या घरांत एकदा पाहा, असे त्यांनी सांगितले. ते अधिकाऱ्याच्या सुरात बोलत नव्हते. गयावयाच करत होते, असे म्हणायला हरकत नाही. बाईंना वाईट वाटलेले दिसले.

"साहेब, मंजूर पद्धत हीच आहे," त्या म्हणाल्या. "मी ती सोडली तर माझा अहवाल टिकणार नाही. शिवाय नवव्या घरी तुमची बहीण राहते. उद्या लोक म्हणतील, भावाने बहिणीचं घर निवडायला लावलं."

बाईंच्या जागी पट्टीसाहेब असते तर हेच बोलले असते, आणि याच शब्दांत. बाई पुढे विसाव्या घराकडे निघाल्या. ताईने दार लोटून घेतले.

अहवालात तक्रारीत तथ्य आढळले नाही असे लिहिले होते, आणि वर संबंधित अधिकाऱ्याची सेवा निष्कलंक असल्याचा उल्लेखही होता. पद्धतच बदलावी, घरे चिठ्ठ्या टाकून निवडावीत, असा प्रस्ताव पट्टीसाहेबांनी लगेच तयार केला. तो समितीकडे गेला. निरोपाच्या दिवशी तो समितीकडेच होता. आजही तिथेच आहे, मी अधूनमधून विचारतो. निरोप समारंभात वरिष्ठांनी भाषण केले आणि दर दहाव्या घराच्या पद्धतीचे तोंड भरून कौतुक केले. टाळ्या वाजल्या. पट्टीसाहेब खाली मान घालून बसले होते. लोकांना वाटले, माणूस गहिवरला.

पुढच्याच आठवड्यात ताई खाली भावाकडे राहायला आली. आपल्या पायांनीच आली. घराला कुलूप लावून किल्ली तिने शिंपीणबाईंकडे दिली आणि सबंध पायऱ्यांवर एकदाही मागे पाहिले नाही, असे पट्टीसाहेब म्हणाले. शब्द मोडल्याबद्दल तिने त्यांना एका शब्दाने विचारले नाही. विचारले असते तर बरे झाले असते, असेही ते म्हणाले.

मागच्या महिन्यात मी त्यांच्याकडे गेलो होतो. त्यांच्या घरी नळाला दिवसभर पाणी असते. तरीही स्वयंपाकघरात पाय ठेवायला जागा नव्हती. पातेली, डबे, बादल्या, फुलदाणीसुद्धा, सगळे काठोकाठ भरून झाकून ठेवलेले. ताई उजाडताच उठते, दुखऱ्या खांद्याने थोडे थोडे करून सगळे भरते, आणि दुसऱ्या दिवशी ते ओतून पुन्हा भरते. वहिनी मला हळूच म्हणाल्या, "भात शिजवायला पातेलं मागून घ्यावं लागतं हो." पट्टीसाहेब म्हणाले, "असू दे. भरू दे तिला."

मग ते खुर्चीत बसले, आणि मी पाहुणा समोर असताना त्यांनी आत आवाज दिला, "ताई, पाणी दे."

ताई पेला घेऊन आली. नळ सोडल्याचा आवाज आला नव्हता. पाणी सकाळी भरून ठेवलेल्या पातेल्यातले होते. पट्टीसाहेबांनी ते सगळे पिऊन पेला परत दिला. ताई तो घेऊन आत गेली आणि पाणी कमी झालेले पातेले नळाखाली धरून तिने पुन्हा काठापर्यंत भरले.