काच पुढे सरकेना

तुम्ही दर रविवारी पडद्यावरून बोलता आणि मी गप्प झाले की विचारता, "आजी, अडकलीस का?" खरी अडकले ती एकदाच, गोंदियातल्या एका केबल चॅनेलच्या खोलीत.

तेव्हा मी गोंदियाजवळच्या गोरेगावला इंग्रजी शिकवत होते. शाळेनंतर खेड्यांकडे जाणारी संध्याकाळची एसटी अचानक बंद झाली. नववीतली माझी सर्वांत हुशार मुलगी म्हणाली, "मॅडम, बाप म्हणून राहिला, अंधारात पायी कायले येतं? आता घरीच राय." तिच्यामागे आणखीही मुली घरी बसणार, हे दिसत होतं. आगाराचा साहेब माझाच जुना विद्यार्थी. भेटायला गेलं की "बघतो, मॅडम," म्हणून चहा पाजायचा, बघायचा मात्र काहीच नाही. शेवटी केबलवाल्यानं संध्याकाळच्या बातम्यांत मला थेट बोलायला वेळ दिला.

खोलीच्या खिडक्यांना गाद्या ठोकलेल्या. आवाज नको म्हणून पंखा बंद. माइकची वायर पदराला टाचून खुर्चीच्या पायाला गुंडाळलेली. कॅमेऱ्याच्या पुढ्यात तिरपी काच आणि तिच्याखाली आडवा मॉनिटर; त्यावरची उलटी अक्षरं काचेत सुलट दिसायची. याला टेलिप्रॉम्प्टर म्हणतात. मी लिहून दिलेलं भाषण त्या काचेत दोन-दोन ओळींनी वर सरकणार होतं. सरकवायला केबलवाला स्वतः मागे बसला.

"मॅडमजी, हिलना मत. बस काच में देखना."

सुरुवात बरी झाली. मग वाक्य आलं, 'या मुली उद्या घरी कशा जाणार?' ते वाचून मी थांबले. जन्मभर वर्गात श्रुतलेखन घातलेलं. एक वाक्य सांगायचं आणि पोरांची पेनं थांबेपर्यंत गप्प राहायचं. मी थांबले म्हणून त्यानं अक्षरं थांबवली. अक्षरं थांबली म्हणून मी थांबून राहिले. पुढचं वाक्य काचेखाली कुठेतरी होतं आणि माझ्या डोक्यातलं सगळं पुसलं गेलं होतं. कानामागून घाम ओघळला, तो पुसता येईना. मान वळवावी, तर सगळा तालुका बघतोय. त्या एका प्रश्नाकडे मी नुसती बघत बसले. शेवटी कंटाळून त्यानं साबणाची जाहिरात लावली.

बस मीच बुडवली, असं समजून घरी आले. जेवण गेलं नाही.

सकाळी साहेबाचा फोन. "मॅडम, बस आजपासून सोडतो. पण काल असे डोळे काऊन वटारले माझ्यावर? बायको म्हणते, तुमच्या मॅडम उत्तर मागून राहिल्या, उभे तरी राहा. पोरांसमोर उभा राहिलो ना मी!"

कॅमेरा काचेच्या मागेच असतो; काचेतल्या प्रश्नाकडे बघताना मी घराघरांत बघणाऱ्याच्या थेट डोळ्यांत बघत होते, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं.

"वेळेवर सोड," एवढंच म्हटलं आणि फोन ठेवला.