लाँचच्या वेळेची पाटी

आमचं सासर धरणाच्या पाण्याकाठी. पुण्याला जायचं तर लाँचनं पलीकडं उतरायचं आणि पौडवरून जाणारी एस.टी. धरायची. लाँचची वेळ विचारायला पूर्वी माणसं धक्क्यावरच्या कचेरीपर्यंत तंगडतोड करत. तिथला कारकून या विचारण्याला कावला. त्यानं काठच्या प्रत्येक गावात देवळाच्या भिंतीवर पत्र्याची पाटी ठोकली. कचेरीतल्या फळ्यावर जे, तेच सगळीकडं. एखादी पाटी वाऱ्यानं पडली तर शेजारच्या गावात बघता यायचं. वेळ बदलली की कारकून स्वतः रंगाचा डबा घेऊन निघायचा आणि एकूण एक पाटी बदलून यायचा.

"वाचायला सगळ्यांची, लिहायला माझ्या एकट्याची," असं बजावायचा. "गावागणिक पाटी वेगळं सांगायला लागली, तर खरी कुठली धरायची?"

माझ्या थोरल्या दिरांना हे पटेना. लाँच कायम उशिरा यायची, आणि भाऊजी लष्कराच्या भाकरी भाजण्यात पटाईत. माणसं ताटकळतात म्हणून त्यांनी सकाळचे सात पुसून चुन्यानं साडेसात केले. गाव खूश झालं. मी म्हटलं, "भाऊजी, पाटी कचेरीची हाय, हात कशाला लावायचा?"

"तू तुझी चूल बघ," म्हणाले.

पुढं त्यांच्याच मुलीला नर्सिंगच्या मुलाखतीचं बोलावणं आलं. पोर लई हुशार, गावातून पहिलीच निघालेली. त्याच आठवड्यात लाँचवर नवा चालक आला, घड्याळाचा पक्का. आम्ही सव्वासातला काठावर उतरलो, तर लाँच मधल्या पाण्यात. हाका मारल्या, पदर हलवला. ती कुठली वळतीय? पुढची लाँच दुपारी. पोर पुण्यात पोचली तेव्हा मुलाखती आटपल्या होत्या. पुढच्या वर्षी या, म्हणाले.

संध्याकाळी ती परत आली, तर दीर ओट्यावर बसून सारखं तेच घोळवत होते, "मी लोकांच्या सोयीसाठीच केलं गं." मला त्यांचा असा संताप आला होता की पाण्याचा तांब्यासुद्धा पुढं केला नाही.

पोरीनं चपला काढल्या. बापाला म्हणाली, "व्हय दादा. समद्या गावाची सोय बघितली तुमी. माझीच तेवढी ऱ्हायली."

पुढच्या वर्षाच्या मुलाखतीआधी तिचं लग्न उरकलं होतं.