कळवणच्या बाईंना मी सांगितलं नाही

माझ्या नवऱ्याला लोक दारुडा समजत. सातपूरच्या कारखान्यात फिटर असलेला, थेंबालाही न शिवलेला माणूस. पस्तिशीनंतर त्याची पावलं वाकडी पडू लागली, खांदे आपोआप उडू लागले, कपातला चहा हिंदकळू लागला. एकदा सुपरवायझरने चारचौघांत त्याचं तोंड हुंगून पाहिलं. त्या दिवशी तो घरी येऊन भिंतीकडे तोंड करून बसला. जेवला नाही.

नाशिकच्या डॉक्टरांना काही कळेना. मुंबईच्या इस्पितळात आजाराचं नाव समजलं. "औषध नाही," डॉक्टर म्हणाले. "शरीर आणि डोकं, दोन्ही हळूहळू जाणार." मग त्यांनी विचारलं, मुलं किती? मी म्हटलं, एक मुलगा, नऊ वर्षांचा. ते जरा थांबले. "हा आजार आईबापांकडून मुलांत उतरतो. मुलगा असो, मुलगी असो. छापा की काटा, इतकंच."

ते वाक्य मी कुणालाच सांगितलं नाही. नवऱ्यालाही नाही.

एकटीने सगळं रेटवेना, तेव्हा मी वर्तमानपत्राला पत्र लिहिलं: असा रुग्ण कुणाच्या घरी असेल तर कळवा. उत्तरं आली ती अंगारे, उतारे आणि जडीबुटीची. एकच पोस्टकार्ड वेगळं होतं, कळवणजवळच्या खेड्यातून आलेलं. आईने सांगितलेलं मुलीने लिहिलं होतं: 'पोरीचे वडील पण असेच हलतात. गावात म्हणतात, अंगात येतं.'

मी उलट टपाली पत्ता कळवला, तशा त्या मायलेकी पहिल्या एसटीने आल्या. बाई माझ्याच वयाच्या, मुलगी चौदा-पंधराची. माझा नवरा दारात झोकांड्या खात उभा राहिला, तेव्हा बाई त्याच्याकडे बघून रडल्या आणि रडता रडता म्हणाल्या, "ताई, मला वाटलं जगात आमच्याच घरात हे हाय."

त्यानंतर दर दोन-तीन महिन्यांनी त्या येत. त्यांनी मला शिकवलं की पलंग काढून टाकायचा आणि भिंतीलगत गोधड्या लावायच्या. पातळ चहाने ठसका लागतो, त्यात भाकरी कुस्करून तो घट्ट करायचा, हे मी त्यांना सांगितलं. नवऱ्याने मारलं तर तो मारत नाही, आजार मारतो, असं आम्ही एकमेकींना बजावत असू. तेवढा एक दिवस मला श्वास घेता येई.

मुलगी अठराची झाली. एका दुपारी बाई भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "पोरीचं जमतंय, ताई. पोरगा चांगला हाय. तिला तर काय नाय ना होणार हे?"

मुलगी मोरीत भांडी घासत होती. गुणगुणत होती.

"नाही हो," मी म्हटलं. "पुरुषांनाच होतं ते."

मी असं का बोलले? त्यांचं तोंड बघून, असं मी वर्षानुवर्षं स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे तिच्याबद्दल बोलले असते, तर माझ्या मुलाबद्दलही बोलल्यासारखं झालं असतं. त्या लग्नात मी अक्षता टाकल्या.

आधी त्यांचा नवरा गेला, दोन वर्षांनी माझा. आमच्या भेटी कमी झाल्या. दहाएक वर्षांनी त्यांचा फोन आला. "पोरीच्या हातातून भांडी पडतात. सासरच्यांनी आणून सोडली. वेंधळी म्हणतात तिला."

मी त्यांना नाशिकला बोलावलं. मुलगी रिक्षातून उतरली आणि चार पावलं चालली, तेवढ्यात मला कळलं. तिला दोन मुली होत्या. मेंदूच्या डॉक्टरांनी सगळं समजावून सांगितलं, नातींचंही. बाहेरच्या बाकावर बाई माझ्याकडे वळल्या.

"ताई, तुम्हाला माहीत व्हतं?"

"हो."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून."

त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. "लगीन थांबवलं असतं का, मला नाय सांगता येत," त्या म्हणाल्या. "पण मला इचार तरी करू द्यायचा व्हता." मग लेकीच्या काखेत हात घालून त्यांनी तिला उठवलं. मी स्टँडवर सोडायला निघाले, तर नुसतं "नको" म्हणाल्या.

मी पत्रं पाठवली. उत्तर आलं नाही. एकदा कळवणपर्यंत गेले. खेड्याची जीप समोर उभी होती, पण त्यांच्या दारात जायचा धीर झाला नाही. परतीच्या गाडीत बसले.

त्याच आठवड्यात मी मुलाला सगळं सांगितलं. आजार आपल्यात उतरलाय का, ती तपासणी करायची नाही म्हणाला, लग्नही नाही. आता तो पुण्यात असतो. दिवाळीला येतो, समोर बसतो आणि मी त्याच्या बोटांकडे बघत राहते. त्याच्या ते लक्षात येतं. ताट उचलून तो आतल्या खोलीत जाऊन जेवतो.