मारणाऱ्याचे नाव

उत्तर नागपुरात, कोराडी रस्त्याला लागून असलेल्या वस्तीत ‘रशियन वहिनींचे घर कोणते’ असे विचारले की कोणीही बोट दाखवते. लारिसा खोब्रागडे हे नाव सांगितले तर लोक क्षणभर अडखळतात. चाळीस वर्षे त्यांनी त्या संबोधनाला ओ दिली. ते मायेने वापरले जात होते, आणि मायेने मिळालेले चुकीचे नाव दुरुस्त करण्याची सोय परमुलखातून आलेल्या सुनेला फारशी नसते. त्या रशियन नाहीत. युक्रेनमधल्या पोल्तावाजवळच्या एका खेड्यात, युक्रेनी बोलणाऱ्या शेतकरी कुटुंबात त्या जन्मल्या. थोरली बहीण हालिना आधीच खारकीव शहरात नोकरीला होती. तिच्यामागोमाग त्या शिकायला तिथे गेल्या आणि पहिल्या काही आठवड्यांतच त्यांनी आपली भाषा गिळली. शहरात रशियन चाले. युक्रेनी बोलणारी मुलगी म्हणजे गोठ्यातून उठून आलेली मुलगी, असा तिथला समज होता.

प्रेमानंद खोब्रागडे त्यांना खारकीवमध्येच भेटले. रामटेकजवळच्या खेड्यातला हा तरुण सोव्हिएत शिष्यवृत्तीवर टर्बाइनचे शिक्षण घ्यायला गेला होता. गावच्या हॉटेलात त्याच्या वडिलांसाठी, धोंडबांसाठी, कान तुटलेला कप वेगळा ठेवलेला असे. चहा झाला की तो त्यांनीच विसळून वळचणीला खोचायचा. वसतिगृहातल्या पहिल्या संध्याकाळी खोलीतल्या एका मुलाने न विचारता प्रेमानंदांचा पेला उचलला, त्यातले उरलेले पाणी पिऊन टाकले आणि पेला जागेवर ठेवून पुन्हा पुस्तकात डोके घातले. या पेल्याची गोष्ट प्रेमानंदांनी पुढे जन्मभर सांगितली. शेवटी ते म्हणत, ‘मी माणूस आहे हे मला बाबासाहेबांनी सांगितले, ते खरे असल्याचा अनुभव रशियाने दिला.’ या कृतज्ञतेत खोटे काही नव्हते. लारिसाताईंना ते इतर कोणाहीपेक्षा अधिक कळत होते, आणि त्यांच्या दीर्घ मौनाचे कारणही तेच होते.

लग्नापूर्वी एकदाच त्यांनी प्रेमानंदांना आपल्या आईचे बालपण सांगितले. १९३२-३३च्या हिवाळ्यात सरकारी माणसांनी गावातले धान्य नेले, बियाणे नेले, चुलीवरचे भांडेही उपडे करून पाहिले. गाव सोडून जाण्यास बंदी होती. आईचे दोन धाकटे भाऊ, पेत्रो आणि इवास, त्या वसंतात उपाशी मेले, आणि त्यांच्याविषयी मोठ्याने बोलायचे नाही हे आई त्याच वयात शिकली. प्रेमानंदांनी सर्व ऐकून घेतले. अशा कहाण्या शत्रूराष्ट्रे पसरवतात, तू हे दुसऱ्या कोणाजवळ बोलू नकोस, असे त्यांनी अगदी हळुवारपणे समजावले. भांडण झाले नाही. लग्न झाले, संसार कोराडीच्या औष्णिक वीजकेंद्राच्या कर्मचारी वसाहतीत सुरू झाला, आणि घरात नवरा-बायकोची भाषा रशियन राहिली.

मराठी त्यांना सासूने शिकवली. तुळसाबाई छप्पन सालच्या दीक्षेच्या वेळी नुकत्याच लग्न होऊन आल्या होत्या. घरातले देव टोपलीत भरून कन्हान नदीत सोडण्याचे काम त्यांनी स्वतः केले होते. लेकाने कॉलेजात हसे झाल्यावर वऱ्हाडी टाकून दिली आणि पुस्तकी मराठी अंगीकारली. सून मात्र तुळसाबाईंच्याच तोंडची बोली बोलू लागली. भाजी निवडताना एका दुपारी सुनेने तुटक्या शब्दांत उपासमारीची ती हकिकत सासूला सांगितली. सासूने विचारले, “धान पिकलंच नोतं का त्या साली?”

“पिकलं होतं.”

“मंग गेलं कुठी?”

“नेलं.”

“कोनं नेलं वं?”

लारिसाताईंनी उत्तर देण्याआधी दाराकडे पाहिले. कोराडीच्या त्या स्वयंपाकघरात त्यांचे ऐकणारे कोणी नव्हते. ती आईची सवय होती. तुळसाबाईंनी सून कुठे पाहते आहे ते पाहिले आणि पुढे विचारले नाही. कोणी मारले हे बोलण्याआधी दाराकडे पाहावे लागते अशा गावातून त्याही आल्या होत्या.

एक्क्याण्णव सालच्या डिसेंबरात युक्रेनने सार्वमत घेऊन स्वातंत्र्य पत्करले आणि महिना संपण्यापूर्वी सोव्हिएत संघ संपला. हालिनाचा फोन आला तेव्हा ती हसत होती आणि रडत होती. त्याच आठवड्यात प्रेमानंद दोन वेळ जेवले नाहीत. बाप गेल्यासारखे भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. लारिसाताईंनी त्यांच्या डोक्याला तेल लावले. स्वतःचा आनंद त्यांनी वाळत घातलेल्या कपड्यांआड उभे राहून एकटीने उपभोगला.

पुढे काही वर्षांनी हालिनाने फोनवर सांगितले की, नोव्हेंबरच्या चौथ्या शनिवारी आता सगळीकडे खिडकीत मेणबत्ती लावतात, त्या भुकेने मेलेल्यांसाठी. लारिसाताईंनीही लावली. मेणबत्ती तुळसाबाईंनी दिली, बुद्धमूर्तीपुढे लावण्यासाठी आणलेल्या पुड्यातली. वसाहतीतल्या बायकांनी ती पाहिली आणि ‘रशियन वहिनी आपल्याहून पक्क्या बौद्ध निघाल्या’ असे कौतुक केले. बौद्ध घरातल्या मेणबत्तीला वेगळा अर्थ असेल असे कोणाच्या मनात का यावे? लारिसाताई कौतुक ऐकून घेत. तुळसाबाई वारल्यावर त्या ज्योतीचा अर्थ जाणणारे घरात एकच माणूस उरले, आणि ते माणूस त्या संध्याकाळी फिरायला जात असे.

दोन हजार बावीसच्या फेब्रुवारीत रशियाच्या फौजा युक्रेनमध्ये शिरल्या. वस्तीतले लोक आस्थेने विचारीत, ‘वहिनी, तुमच्या रशियात तुमची माणसं बरी आहेत ना?’ प्रेमानंद आता निवृत्त होऊन वसाहतीतून या वस्तीत राहायला आले होते. टीव्हीसमोर बसून ते म्हणत की, दोघांनाही चिथावणारे तिसरेच आहेत. सत्तरी ओलांडलेली विधवा हालिना खारकीव सोडायला तयार नव्हती. तिच्यात एक बदल झाला होता. आयुष्यभर शहरात रशियन बोललेली ही बाई आता रशियनमध्ये एक शब्द बोलेना. फोनवर ती युक्रेनीत बोले आणि लारिसाताई चाचपडत, शब्द आठवत, बालपणातल्या वाक्यांनी उत्तर देत.

दोन हजार चोवीसच्या मे महिन्यात रशियन बॉम्बने हालिनाच्या इमारतीचा जिना आणि त्यालगतच्या खोल्या पाडल्या. त्यात हालिना ठार झाल्याची बातमी तिच्या शेजारणीने फोनवर दिली. लारिसाताईंची मुलगी पायल धावत आली. प्रेमानंद पत्नीजवळ बसले आणि तरुणपणी जी हाक मारत तीच हाक मारून, रशियनमध्ये, त्यांनी सांत्वनाचे शब्द उच्चारले. लारिसाताई म्हणाल्या, “आता मराठीत बोला.”

हे वाक्य साधे होते, पण त्याने घरातली एक भाषा बंद झाली. रशियनमध्ये ते दोघे एकमेकांना ‘तू’ म्हणत. तुळसाबाईंकडून शिकलेल्या मराठीत नवऱ्यासाठी ‘तुमी’ एवढेच होते.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम नागपुरात करायचे ठरले. बौद्ध कुटुंबांत मृत्यूनंतर वंदना होते, परित्राण पाठ होतो आणि मग कोणीतरी उभे राहून मृताचा जीवनपरिचय सांगतो. उत्तर नागपुरात हे काम प्रेमानंदांइतके गंभीरपणे करणारे थोडे. त्यांचा एक नियम होता. नरखेड तालुक्यातल्या एका खेड्यात सौरव नावाच्या मुलाला वरच्या आळीतल्या लोकांनी मोटारसायकलवरून उतरवून ठार मारले, तेव्हा घाबरलेल्या नातेवाइकांनी ‘दुःखद निधन’ एवढेच सांगायची विनंती केली होती. प्रेमानंदांनी ती मानली नाही. ज्याला मारले त्याला ‘वारला’ म्हणणे हा मारणाऱ्याचा दुसरा विजय आहे, असे ते तिथे म्हणाले, आणि मारणारे ज्या आळीतले होते तिचे नाव त्यांनी घेतले.

लारिसाताईंनी त्यांच्याकडे एकच गोष्ट मागितली. हालिनाचा परिचय देताना ती युक्रेनी होती हे सांगा, आणि तिला कोणी मारले ते सांगा.

 प्रेमानंदांनी युद्धात दोषाचे वाटप इतके सोपे नसते असे काहीतरी सुरू केले. लारिसाताईंनी ते पुरे होऊ दिले नाही.

“सौरवच्या वेळी तुमाले सोपं वाटलं होतं?”

“ती गोष्ट वेगळी होती.”

“काहून वेगळी? तिथं मारनारे तुमचे कोनी लागत नोते म्हणून?”

पायल मध्ये पडू पाहत होती. त्यांनी तिला हाताने थांबवले. “ज्यानं तुमचा गिलास उचलला ना, तो मिकोला. पोल्तावाचा होता. आमच्याकडचा. रशियन नोता. चाळीस वर्सं मी आयकून राहिली, रशियानं पानी पेलं म्हणून.”

“त्या काळी आम्ही असे वेगळे मोजत नव्हतो, लारिसा.”

“तुमी नोते मोजत. आमी मोजत होतो. तोंडातल्या तोंडात.”

प्रेमानंदांनी अखेर मान हलवली आणि सांगेन म्हणाले.

रविवारी सकाळी विहाराच्या फाटकावर फ्लेक्स लागला होता. वस्तीतल्या तरुणांनी तो आपल्या उत्साहाने, न विचारता करून आणला होता: ‘रशियातील भगिनी हालिना यांना विनम्र आदरांजली.’ लारिसाताई त्याखालून आत गेल्या. आत प्रेमानंद बोलणार होते.

वंदना झाली. पहिले बोलायला उठले विश्वनाथराव, प्रेमानंदांचे कोराडीतले जुने सहकारी, सज्जन गृहस्थ. दिवंगत भगिनीचा गौरव करावा या शुद्ध हेतूने त्यांनी तिच्या देशाचा गौरव केला. आपल्याला पोलादाचे कारखाने देणारा, अडचणीच्या काळात पाठीशी उभा राहणारा, जात न विचारणारा महान रशिया, आणि त्या महान भूमीची ही कन्या. लोकांनी माना डोलावल्या. बोलता बोलता ते फोटोकडे वळले आणि त्यांनी हात जोडले. ज्यांच्या बॉम्बने ती मेली त्यांची स्तुती हालिनाच्या फोटोसमोर दहा मिनिटे चालली, आणि त्या सभागृहात तिचा अपमान करण्याची इच्छा असलेला एकही माणूस नव्हता.

मग प्रेमानंद उठले. त्यांच्यासमोर त्यांची सगळी हयात बसलेली होती: कोराडीचे सहकारी, त्यांच्याकडून पेल्याची गोष्ट ऐकत मोठी झालेली मुले, ती गोष्ट आता आपल्या मुलांना सांगणारे बाप. त्यांनी हालिनाचे बालपण सांगितले, तिची नोकरी सांगितली, नागपूरच्या संत्र्यांचा मुरंबा तिला किती आवडे तेही सांगितले. नंतर ते थांबले. त्यांचे ओठ हलताना पुढच्या रांगेला दिसले. “अशा या मायाळू बाईचे,” ते म्हणाले, “युद्धात दुःखद निधन झाले.” आणि ते खाली बसले.

संचालन करणारा मौनासाठी सर्वांना उभे राहायला सांगत होता. सगळ्यांबरोबर लारिसाताईही उभ्या राहिल्या, पण त्या पुढे चालत गेल्या आणि फोटोशेजारी लोकांकडे तोंड करून थांबल्या. त्यांनी दाराकडे पाहिले नाही.

“ते रशियातली नोती,” त्या म्हणाल्या. “आमी दोघी युक्रेनच्या. तिले रशियानं मारलं. माह्या मायच्या दोन भावायले मॉस्कोच्या सरकारनं उपाशी मारलं, तवाबी कोनी नाव नाही घेतलं. म्हणून मी घेऊन राहिली.”

इतकेच. कोणी विरोध केला नाही. मौन पाळले गेले, खीर वाटली गेली. बाहेर पडताना बायकांनी त्यांचे हात हातात घेतले आणि वहिनी, तुमचे दुःख आम्हाला समजते, असे म्हटले. विश्वनाथराव शरमून न जेवता गेले. ते पुन्हा घरी आले नाहीत. फ्लेक्स पावसाळ्यापर्यंत फाटकावर राहिला. वस्तीत त्यांना आजही ‘रशियन वहिनी’च म्हणतात. सवय जात नाही, असे लोक प्रामाणिकपणे सांगतात.

प्रेमानंदांनी त्यानंतर जीवनपरिचय सांगणे सोडले. बोलावणे आले की ते घशाचे कारण देतात. पेल्याची गोष्टही ते सांगत नाहीत. तिच्यातला रशिया काढून ती कशी सांगावी हे त्यांना जमत नसावे, किंवा ती तशी सांगण्याचा हक्क आपण गमावला असे त्यांना वाटत असावे. घरात चहा, औषधे, विजेचे बिल यांपुरते बोलणे होते, मराठीत.

नोव्हेंबरचा चौथा शनिवार आला. लारिसाताईंनी खिडकीच्या कठड्यावरची, कोराडीच्या चिमण्यांतून आलेली राख पुसली आणि मेणबत्ती लावली. त्या संध्याकाळी प्रेमानंद फिरायला गेले नाहीत. ते मागे येऊन उभे राहिले. आधी त्यांनी रशियनमध्ये काही विचारले. उत्तर आले नाही. मग, कॉलेजात टाकून दिलेली आईची बोली चाचपडत, म्हातारपणाच्या जड जिभेने त्यांनी विचारले, “कोनासाठी लावून राहिली वं?”

लारिसाताई ज्योतीकडे पाहत होत्या. त्या वळल्या नाहीत.

“तुमाले मालूम होतं,” त्या म्हणाल्या. “पयल्यापासून.”