एक काना

मंगल दमलेली मी रोजच बघते. महिन्यातून एकदा पुण्याहून परतताना ती घोडेगावच्या स्टँडवर लेकीला मांडीवर घेऊन आमच्या वाडीच्या एसटीची वाट बघत बसते. दिशा सहा वर्षांची, तान्ही असल्यापासून तिला झटके येतात. पुण्याच्या डॉक्टरांनी शेवटी एक पुडी दिली, सकाळ-संध्याकाळ पाण्यात कालवून. झटके थांबले. पण त्या पुडीनं नजरेची कड, म्हणजे बाजूचं दिसणं, जाऊ शकते, म्हणून डोळे तपासायचे हेलपाटे सुरू झाले.

डॉक्टरांनी औषधाची माहिती मराठीत लिहून दिली होती. वाडीत कुणाचाही कागद वाचायला अंगणवाडीत माझ्याकडेच येतो. मी वाचलं, "हे औषध विकार कायमचे निकामी करते."

"कायमचं? मग आता पुडी कशाला, वैजाताई?" मंगलनं विचारलं.

"लिहिलंय तर तसंच," मी म्हणाले.

पुडी बंद झाली. चार दिवस एकही झटका नाही. तिची सासू चिमाबाई म्हणाली, "गणपती पावला गं! चला लेण्याद्रीला." पाचव्या दिवशी अर्ध्या पायऱ्यांवर दिशाचे डोळे फिरले.

पुण्याला मीही सोबत गेले. डॉक्टरांनी कागदावर बोट ठेवलं. "विकार नाही हो, विकर. एन्झाइम."

हा शब्द दहावीला शिकले होते की मी! डॉक्टरांनी समजावलं. मेंदू शांत ठेवणारं एक द्रव्य असतं, त्याचा फडशा पाडणारं हे विकर. औषध त्या द्रव्यासारखंच दिसणारं अमायनो आम्ल, फक्त असंतृप्त, म्हणजे त्यात एक दुहेरी जोड. विकर फसून त्याला धरतं, आणि विकराच्या स्वतःच्याच कामानं ती जोड विकराला कायमची चिकटते.

"धरणातल्या माशावानी," मंगल म्हणाली. "गांडूळ म्हनून गळ गिळला."

"अगदी तसंच," डॉक्टर म्हणाले. "पण शरीर नवं विकर बनवत राहतं. जुनं अडकलेलं होतं म्हणून चार दिवस निभावलं."

"म्हंजी नवं मासं येत्यात. गळ रोज टाकायचा."

बाहेर आल्यावर मी तिचे हात धरले. ती म्हणाली, "तुमी तरी काय करनार, ताई. मलाबी तेच ऐकायचं व्हतं."

आता देवापुढं दिवा लावला की ती पुडी कालवते. मग दिशाला समोर बघायला सांगून तिच्या कानामागून दोन बोटं हळूहळू पुढं आणते.

"दिसली का गं?"

"दिसली," असं पोर म्हणेपर्यंत मंगल श्वास सोडत नाही.